सत्तेचाळीस, बावीस की नऊ?

फाईल आली तेव्हा मे महिना अर्धा उलटला होता. जळगावात या दिवसांत अकरानंतर माणूस घराबाहेर पडायचं टाळतो. मीही कूलरसमोर बसून होतो. खान्देशातल्या एका फार्मसी कॉलेजने मला छाननी समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून घेतलं होतं. काम म्हटलं तर छोटंच. कॉलेजातल्या एका सहायक प्राध्यापक मॅडमचा पीएच.डी. गाईडशिपचा प्रस्ताव पुढे पाठवायचा का, आणि नव्याने उभ्या राहिलेल्या लॅबची जबाबदारी त्यांच्याकडे द्यायची का, एवढं सांगायचं होतं. विषय मेंदूतला दाह आणि मेंदूच्या पेशींचा ऱ्हास. इंग्रजी नावं न्यूरोइन्फ्लमेशन आणि न्यूरोडीजनरेशन. मी आयुष्यभर फार्माकॉलॉजी शिकवली, त्यामुळे विषय अगदीच परका नव्हता.

(मॅडम ओळखू येऊ नयेत म्हणून काही आकडे, वर्षं आणि खुणा बदलल्या आहेत. गुंता होता तसाच ठेवला आहे.)

पहिल्या बैठकीतच अडलं. मॅडमनी स्वतःच्या हाताने दिलेल्या यादीत २२ पेपर होते. समितीतल्या एका तरुण सदस्याने गुगल स्कॉलर ही पेपर शोधायची साइट उघडली, तिथे ४७. दुसऱ्याने स्कोपस ही निवडक नियतकालिकांची सूची उघडली, तिथे ९. पहिला म्हणाला, "बाई फारच नम्र दिसतात, अर्धेसुद्धा दाखवले नाहीत." दुसरा म्हणाला, "नम्र कसल्या, तेरा वाढवून सांगितलेत." दोघं एकाच माणसाबद्दल बोलत होते. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही निवांत आहात. एकदा पाहता का?"

फाईल बांधून देणारे क्लार्क पारोळ्याकडचे. गाठ मारता मारता ते हळूच म्हणाले, "सर, ह्या बाईना नावे दोन शेतस."

म्हणजे या बाईंची नावं दोन आहेत. त्या खोलीतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच निघालं.

आपल्याकडे नावाची मांडणी अशी, की स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्न झालं की बाईच्या नावाचे तीनातले दोन भाग बदलतात. वडिलांच्या जागी नवरा येतो, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं. काही घरांत पहिलं नावही बदलतात. इथे तेवढं तरी वाचलं होतं. आता हेच नाव परदेशी नियतकालिकात छापून येतं तेव्हा आधी आडनाव आणि पुढे दोन अक्षरं, एवढंच उरतं. लग्नाआधी 'पाटील एस. आर.', लग्नानंतर 'चौधरी एस. एन.'. यात समान काय राहिलं? एक 'एस'. संगणकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. पुरुषाच्या बाबतीत हा प्रश्न उभाच राहत नाही, म्हणून समितीतल्या चार पुरुषांपैकी एकालाही तो सुचला नाही. मीही त्या चारांतलाच.

दुसरी गंमत पाटील या आडनावाची. यावल-रावेरच्या कुठल्याही वर्गात 'पाटील' म्हणून हाक मारा, निम्मा वर्ग वळून पाहील. त्यातले 'एस. आर.' किती असतील कोण जाणे. गुगल स्कॉलरवरच्या ४७ मध्ये हीच खिचडी झाली होती. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींवरच्या पेपरखाली दातांच्या सिमेंटवरचा पेपर, त्याखाली कपाशीवरच्या बोंडअळीचा. आणि 'मॅडमचा' सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर कुठला? केळीवरच्या करप्याचा. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, करपा हा आमच्याकडे घरोघरी बोलायचा विषय आहे, आणि तो पेपर चांगलाच असावा. पण त्याचा मेंदूशी संबंध लावायचा तर फारच ताणावं लागेल. तरुण सदस्याने कौतुकाने सांगितलेला एच-इंडेक्स (किमान 'एच' वेळा उल्लेख झालेले 'एच' पेपर, असा हिशेब) या करप्याच्या जिवावर उभा होता. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हा निर्देशांक मांडला तेव्हा गृहीत असं होतं, की यादी एकाच माणसाची आहे.

दोन दिवस मी दिवाणखान्याची फरशी वापरली. प्रत्येक पेपरचं पहिलं पान आणि शेवटचं पान छापून आणलं. कूलर आणि पंखा दोन्ही बंद करावे लागले, नाहीतर कागद उडत होते. गठ्ठ्यांवर स्टीलच्या वाट्या ठेवल्या, एकावर जुना पितळी खल. घाम गाळून केलेलं संशोधन म्हणतात ते मी या वयात केलं.

नावावरून वेगळं करणं सोडून दिलं आणि बाकीच्या खुणा धरल्या. सहलेखक कोण, ईमेल कुठला, प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांक काय. हा क्रमांक फार उपयोगी. माणूस आडनाव बदलतो, पण एखाद्या प्राणिगृहाचा नोंदणी क्रमांक लग्न करत नाही. संस्थेच्या नावावर मात्र भिस्त ठेवता आली नाही. आमच्या विद्यापीठाचं नाव २०१८ साली बदलून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे पेपर संस्थेच्या नावाने शोधले तरी दोन ढिगांत पडतात. संशोधकांसाठी सोळा अंकी ऑर्किड क्रमांक २०१२ पासून आहे, आणि मॅडमनी तो काढलाही होता. पण युरोपातून परतल्यावर त्यात फक्त नव्या नावाचे पेपर जोडले होते. जुने कधीतरी जोडू म्हणून राहून गेले.

संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. सासरच्या नावाने ९, माहेरच्या नावाने १२, एकूण २१. बावीसावा पेपर म्हणजे एकाच कामाच्या दोन नोंदी होत्या. आधी प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा मसुदा, ऑनलाइन टाकलं, मग तेच नियतकालिकात छापून आलं. माहेरच्या बारांपैकी एक स्कोपसमध्ये नाहीच, त्याची गोष्ट पुढे येते. म्हणजे नऊवाला सदस्यही चुकला नव्हता आणि मॅडमही खोटं बोलल्या नव्हत्या. सत्तेचाळीसच काय ते हवेत होते.

आकडा जुळल्यावर प्राचार्यांना फोन करून मोकळं होता आलं असतं. पण फरशीवर कागद पसरलेच होते, म्हणून वाचायला बसलो.

एकवीसपैकी ६ रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचा आढावा. त्यातले ४ लॉकडाऊनच्या काळातले. त्या दोन वर्षांत प्रयोगशाळा बंद आणि घरं चालू, त्यामुळे देशभर रिव्ह्यूंचा पूर आला होता. मी सहापैकी दोन वाचले आणि बाकीचे खलाखाली ठेवले. ३ पेपर पीएच.डी.चे. ७ परदेशातल्या पोस्ट-डॉकचे, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे, त्यांत दोनांत त्या पहिल्या लेखिका आणि पाचांत मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर. उरलेले ५ इथे, कॉलेजात आल्यानंतरचे.

मधल्या क्रमांकाच्या नावाला आपल्याकडे कुणी विचारत नाही. पहिलं नाव राबणाऱ्याचं, शेवटचं नाव लॅब चालवणाऱ्याचं, मधली नावं लग्नाच्या वऱ्हाडातली. मीही तसंच समजत होतो. पण अलीकडे बरीच नियतकालिकं शेवटी कुणी काय केलं ते छापतात. त्या पाचही पेपरांत मॅडमच्या नावापुढे एकच काम होतं, मेंदूच्या कापांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोग्लिया मोजणं. पाच वेगवेगळे प्रश्न, पाच वेगवेगळे पहिले लेखक, आणि मोजणारा हात तोच. लॅबमध्ये कुणाचा हात बसलेला आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि नाजूक काम फिरून फिरून त्याच माणसाकडे जातं. ते या यादीत दिसत होतं.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी. हे नाव स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ होर्तेगा यांनी १९१९ साली दिलं. कचरा उचलायचा, जंतू आला तर अंगावर घ्यायचा, हे त्यांचं काम. दाह वाढला की याच पेशी घरच्यांनाही चावतात, असा संशय अल्झायमर आणि पार्किन्सनच्या बाबतीत बराच जुना आहे. २०१३ साली ट्रेम-२ या जनुकातल्या एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका वाढतो हे दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, तेव्हा संशयाला आधार मिळाला, कारण मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियातच चालतं.

या क्षेत्राची यादी वाचताना मी एक युक्ती वापरतो, आणि ती सांगण्यासारखी आहे. पेपरचं वर्ष झाकायचं आणि शब्दांवरून ते ओळखायचं. जुना वाडा पाहताना विटेच्या आकारावरून काळ कळतो, तसं. या विषयाची भाषा गेल्या दहा-बारा वर्षांत दोनदा बदलली. आधी सगळे मायक्रोग्लियाचे दोन प्रकार सांगायचे, एम-१ वाईट आणि एम-२ चांगला. २०१६ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये रिचर्ड रॅन्सोहॉफ यांनी सरळ विचारलं, की हे दोन प्रकार प्रत्यक्षात आहेत तरी का? मग २०१७ च्या सुरुवातीला नेचरमध्ये बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेतून पेपर आला, की चवताळलेल्या मायक्रोग्लियातून निघणारे आयएल-वन-अल्फा, टीएनएफ आणि सी-वन-क्यू हे तीन पदार्थ शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशींना मारक बनवतात. त्या मारक पेशींना ए-१ म्हटलं गेलं, आणि जो तो आपल्या पेपरात ए-१, ए-२ लिहू लागला. २०२१ मध्ये या विषयातले बरेच जण एकत्र आले आणि म्हणाले, ही दोन खणांची पेटी आता पुरे, जे दिसलं ते खुणांसकट लिहा.

मॅडमचा २०१४ चा पेपर पाहा. एम-१, एम-२, बिनदिक्कत. तेव्हा सगळेच तसं लिहीत होते, त्यात दोष नाही. पेशी ओळखायला आयबा-१ ही एकच खूण वापरलेली; ती मायक्रोग्लियावर दिसते तशी रक्तातून आत घुसलेल्या भक्षक पेशींवरही दिसते. २०१९ चा पेपर पाहा. ए-१ हा शब्द आहे, पण सोबत टीमेम-११९ ही दुसरी खूण आली, जी मायक्रोग्लियाला बाहेरून आलेल्यांपासून वेगळं काढते आणि २०१६ पासून वापरात आली. २०२३ पासूनच्या त्यांच्या स्वतःच्या पेपरांत ना एम-१ आहे ना ए-१. कुठली खूण किती पेशींवर सापडली, त्याचा सरळ तक्ता आहे. बाई वाचत होत्या, हे एवढ्यावरून कळतं. एच-इंडेक्सवरून कळलं नसतं.

एक खडा लागला. २०२३ मधलाच आणखी एक पेपर, त्यात मॅडम पाचव्या लेखिका, आणि त्यात पुन्हा एम-१ आणि एम-२ जसेच्या तसे. करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरची जबाबदारी घेणारे लेखक, दुसऱ्या ठिकाणचे ज्येष्ठ प्राध्यापक. मी नंतर विचारलं तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "सर, मी स्लाइडं मोजून दिली. मसुदा छापून आल्यावर पाहिला." असं होतं, आणि होऊ नये. टिपणात मी ते लिहिलं.

समितीतल्या नऊवाल्या सदस्याने दुसऱ्या बैठकीत एक मुद्दा मोठ्या आवाजात काढला. मॅडमच्या २०१६ च्या रिव्ह्यूमध्ये एका 'मागे घेतलेल्या' पेपरचा आधार आहे, म्हणाला. मी पाहिलं, खरंच होता. २००६ साली नेचरमध्ये आलेला, उंदराच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचा एक विशिष्ट गुच्छ विसर पाडतो असं सांगणारा मिनेसोटा विद्यापीठातला प्रसिद्ध पेपर. पण त्यातल्या चित्रांबद्दलचा संशय सायन्स नियतकालिकाने जाहीर केला जुलै २०२२ मध्ये, आणि पेपर मागे घेतला गेला जून २०२४ मध्ये. तोवर जगभरातल्या दोन हजारांहून जास्त पेपरांनी त्याचा उल्लेख केला होता. २०१६ साली बसून २०२४ चं कसं कळावं? विचारायचं असेल तर हे विचारा, की २०२२ नंतरच्या पेपरात त्यांनी काय केलं. मी ती पानं नेली होती. त्या पेपरचा आधार तिथे काढून टाकलेला होता.

स्कोपसमध्ये नसलेल्या त्या एका पेपरचंही वर्षावरूनच उलगडलं. पीएच.डी.च्या वेळी, २०१५ साली, तो एका अशा नियतकालिकात छापला होता जे आता कुणी हातात धरणार नाही. तेव्हा प्रबंध जमा करण्याआधी एक शोधनिबंध छापलेला असणं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी सक्तीचं होतं. पोरं घाईत असायची आणि पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापून देणारी दुकानं निघाली होती. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून एका झटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढली, आणि २०२२ च्या नियमांत ती सक्तीही गेली. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तो मोजू नका, सर." मी मोजला. छापलेला आहे तर छापलेला आहे; फक्त त्यापुढे शेरा मारला.

आता त्या पेपरकडे येतो ज्यासाठी मला ही फाईल लक्षात राहिली.

समितीने आणखी एक प्रश्न टाकला होता. २०२० ते २०२२ या तीन वर्षांत प्रयोगाचा एकही पेपर नाही, नुसते रिव्ह्यू. काय करत होत्या? पहिलं उत्तर कुणीही देईल, लग्न, लॉकडाऊन, बाळंतपण. दुसरं उत्तर उंदरांचं होतं.

अल्झायमर, पार्किन्सन हे म्हातारपणाचे आजार. पण त्यावरचे निम्म्याहून जास्त प्रयोग, निदान माझ्या पाहण्यातले, आठ-दहा आठवड्यांच्या उंदरांवर होतात. त्या वयाचा उंदीर म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. कारण सरळ आहे. उंदीर म्हातारा व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात, तोवर त्याला खायला घालावं लागतं, पिंजरे अडतात, आणि गाईडला दरवर्षी पेपर हवा असतो. मॅडमची पीएच.डी.ही तरुण उंदरांवरचीच. उंदराच्या पोटात एलपीएस टोचायचं (जिवाणूंच्या बाहेरच्या कवचातला हा पदार्थ दाह भडकवतो), सोबत सातपुड्यातल्या एका वनस्पतीचा अर्क पाजायचा आणि स्मरणशक्ती तपासायची. अर्काने फायदा दिसला. तो २०१४ चा पेपर त्यांच्या खऱ्या यादीत सर्वांत जास्त वेळा उल्लेखलेला आहे. वनस्पतीचं नाव मुद्दाम देत नाही.

असे पेपर मी ढिगाने पाहिले आहेत आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा आहे. सगळ्याच वनस्पती सगळं बरं करतात. हळदीतल्या करक्युमिनवर हजारोंनी पेपर आहेत. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या आढाव्याने दाखवलं, की हा रेणू चाचण्यांमध्येच लुडबूड करून खोटा होकार देतो आणि पोटातून रक्तात जेमतेम पोचतो. उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा आहे हे १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी छापलं होतं, आणि पार्किन्सनवर आजही मुख्य औषध एल-डोपाच आहे. तेव्हा वनस्पती म्हटली की हसायचंही कारण नाही. प्रयोग कसा केलाय तेवढं पाहायचं.

तर २०१४ चा पेपर कसा होता? एलपीएस टोचल्यावर उंदराला बारीक ताप, अंग दुखणं, भूक नसणं असं सगळं होतं. तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. अशा उंदराला पाण्याच्या चक्रव्यूहात सोडला तर तो हळू पोहतो, आणि आपण लिहितो 'स्मरणशक्ती घटली'. अहो, तापात तुम्हाला तरी पाढे आठवतात का? म्हणून आधी ॲक्टोफोटोमीटरवर त्याची साधी हालचाल मोजायची असते. २०१४ च्या पेपरात ती मोजलेली नव्हती. तेव्हा कुणी मोजत नव्हतं असंही नाही. ती चूकच होती.

२०२४ च्या पेपरात मॅडमनी तोच अर्क, तीच मात्रा, पण अठरा महिन्यांचे उंदीर घेतले. हालचाल आधी मोजली. ताप उतरेपर्यंत थांबून मग स्मरणशक्ती तपासली. पेशी मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुठल्या गटाची हे कळू दिलं नाही. आणि निकाल आला की अर्काचा काही उपयोग झाला नाही. मायक्रोग्लिया तशाच फुगलेल्या, उंदीर तसेच विसराळू. चर्चेच्या भागात त्यांनी स्वतःच्या २०१४ च्या पेपरचं नाव घेऊन लिहिलं आहे, की तेव्हा दिसलेला फायदा बहुधा आजारपण कमी झाल्याचा होता, स्मरणशक्तीचा नव्हता.

स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या पेपरवर स्वतःच पाणी ओतणारा पेपर मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत दोन-तीनदाच पाहिला असेन. या क्षेत्राला तशी सवय असायला हवी, कारण मोठमोठ्यांचं असंच झालं आहे. दाहशामक गोळ्या नियमित घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो असं २००१ च्या सुमाराला निरीक्षणांतून वाटत होतं. म्हणून अमेरिकेत नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिबची मोठी चाचणी झाली; हृदयाला धोका असल्याच्या शंकेने डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि पुढच्या तपासणीतही त्यांनी आजार टळल्याचं दिसलं नाही.

त्या पेपरात एक ओळ आहे, पद्धतीच्या भागात, बारीक टायपात. प्रत्येक गटात १२ उंदीरांनी सुरुवात केली आणि शेवटी काही गटांत ७ उरले. कारण दिलं आहे, मे २०२२ मध्ये प्राणिगृहातली वातानुकूलन यंत्रणा एका रात्री बंद पडली. प्राणिगृह साधारण बावीस-तेवीस अंशांवर ठेवायचं असतं, आणि आमच्याकडे मेच्या रात्रीही भिंती तापलेल्या असतात. म्हातारे उंदीर पहिले गेले. अठरा महिने पाळलेले. दुसऱ्या कुणी 'प्रत्येक गटात ७' एवढंच लिहून विषय संपवला असता. मॅडमनी गेलेले प्राणी गटवार दिले आहेत आणि त्यामुळे निष्कर्ष किती लंगडा झाला तेही. प्राण्यांवरच्या प्रयोगांचं वृत्त कसं लिहावं याचे अराइव्ह नावाचे नियम २०१० पासून आहेत आणि त्यांत हेच मागितलं आहे. मी आजवर वाचलेल्या पेपरांत बहुतेकांचे उंदीर अमर असतात.

एक गोष्ट खटकली ती सांगतो. वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखायच्या चाचणीच्या पट्ट्या मी नेहमी भिंगाखाली पाहतो. एलिझाबेथ बिक यांनी २०१६ साली २०,६२१ पेपरांची चित्रं डोळ्यांनी तपासली तेव्हा ३.८ टक्के पेपरांत एकच चित्र दोनदा वापरल्यासारखं निघालं होतं. तेव्हापासून ही सवय लागली. परदेशातल्या एका पेपरात, मॅडम पहिल्या लेखिका, दोन वेगळ्या चित्रांखालची ॲक्टिनची (तुलनेसाठी घेतात त्या प्रथिनाची) पट्टी मला सारखीच वाटली. तिसऱ्या लेनला उजवीकडे एक छोटा ओरखडा, दोन्हीकडे. कागद खिडकीवर एकावर एक धरून पाहिले. तोच ओरखडा.

फोन केला नाही. प्राचार्यांमार्फत लेखी विचारलं. तिसऱ्या दिवशी मॅडम पेनड्राइव्ह आणि वही घेऊन आल्या. वहीत दोन्ही दिवसांच्या ब्लॉटची नोंद होती आणि मूळ स्कॅन दोन होते, तारखांसकट. चित्र जुळवताना एकच फाईल दोनदा चिकटली होती. त्यांचा चेहरा उतरला होता. "सहा वर्षं झाली, सर. माझ्या लक्षातच आलं नाही." मी म्हटलं, "नियतकालिकाला कळवा." त्या म्हणाल्या, "काल रात्री कळवलं." मेलची प्रत वहीतच घडी घालून ठेवलेली होती.

शेवटच्या बैठकीत मी सात पानांचं टिपण वाचलं. तिसऱ्या पानावर प्राचार्य घड्याळाकडे पाहू लागले. सत्तेचाळीसवाल्या सदस्याने विचारलं, "सगळं ठीक, पण शेवटी आकडा कुठला धरायचा?"

तेव्हा मी २०२२ च्या यूजीसी नियमांचं पान काढलं. सहायक प्राध्यापकाला गाईड होण्यासाठी पीएच.डी. आणि तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या नियतकालिकांतले किमान ३ शोधनिबंध लागतात. तीन. नऊ धरा, एकवीस धरा, नाहीतर केळीचा करपा धरून सत्तेचाळीस म्हणा. क्षणभर कुणी बोललं नाही. मग क्लार्कभाऊंना हसू आवरेना आणि ते चहा सांगायला बाहेर गेले.

प्रस्ताव पुढे गेला. लॅबही मिळाली. वेबसाइटवर टाकायच्या यादीत दोन्ही नावं एकाखाली एक छापायची असं ठरलं, आणि ऑर्किडमधले माहेरचे बारा पेपर मॅडमनी तिथेच बसून जोडले. क्लार्कभाऊ एकेक क्रमांक वाचून दाखवत होते.

उठता उठता मी प्राचार्यांना म्हटलं, टिपणाच्या शेवटच्या पानावर एक मागणी आहे तेवढी वाचा. प्राणिगृहाला दुसरा एसी आणि तापमान चढलं की मोबाइलवर कळवणारी एक यंत्रणा. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सर, आता पाऊस तोंडावर आला. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी बघू."